पोटाची नळी आणि माझे सुप्रसिद्ध हात

३ फेब्रुवारी

घरी आलो. बेंबीच्या बाजूला एक पांढरी नळी लोंबते आहे आणि यापुढे माझ्या दोन्ही मूत्रपिंडांचं काम तिनं करायचं आहे. मूत्रपिंडांचा कामचुकारपणा गेली काही वर्षं चालूच होता, आता त्यांनी सरळ हात वर केले. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन मशीनशेजारी आडवं व्हायचं. दुसरी ही नळी. दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून टाकायचं आणि नवं भरायचं. सगळं घरी, आपल्या हातानं. आठवड्यातले तीन दिवस घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद ठेवणं मला परवडणारं नाही, म्हणून मी दुसरी वाट घेतली. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की 'आपल्या हातानं' हे शब्द कानावर पडले की माझी छाती फुगते.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं. नळीच्या तोंडाला जंतू लागला तर तो थेट पोटात. "एखाद्या वेळी झालं तर औषधानं बरं होतं. परत परत झालं तर नळी काढावी लागते. आणि काही पेशंट त्यातून उठत नाहीत." शेवटचं वाक्य ते फाईल मिटता मिटता म्हणाले. बायकोनं माझा दंड घट्ट धरला. मी मनात म्हटलं, ज्यांच्या हाताला वळण नाही त्यांचं होत असेल असं. मी जन्मभर मोहरीपेक्षा लहान स्क्रू फिरवत आलो आहे.

नळी जोडायच्या शिकवणीला माझ्याबरोबर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांच्या हातून टोपण दोनदा खाली पडलं. माझं पहिल्याच वेळी जमलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमच्याकडून तर आम्हीच शिकायला पाहिजे." घरी येईपर्यंत हे वाक्य मी बायकोला तीनदा ऐकवलं.

पाणी किती आत गेलं आणि किती बाहेर आलं, ते लिहायला हॉस्पिटलनं तक्ता दिला आहे. ही वही माझी स्वतःची. हिच्यात मी किती घाबरलो ते लिहायचं ठरवलं आहे, म्हणजे फारसं लिहावं लागणार नाही.

७ फेब्रुवारी

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिच्या खोलीत जुन्या चादरी आणि एक मोडका टेबलफॅन सुखानं नांदत होते. बायकोनं दोघांना हाकललं, भिंती पुसल्या, फरशी घासली. आता तिथे एक खुर्ची, एक टेबल, पिशवी अडकवायला खिळा आणि कोपऱ्यात औषधी पाण्याच्या खोक्यांची चळत. नियम भिंतीवर चिकटवले आहेत. दार-खिडकी बंद. पंखा बंद. हात साबणानं कोपरापर्यंत. मास्क. जोडताना बोलायचं नाही.

नियम चांगले आहेत, पण ते करणाऱ्याला चष्मा नसावा. मास्क लावला की माझ्याच श्वासानं काचेवर धुकं धरतं आणि नळीचं तोंड दिसेनासं होतं. दिसलंच नाही तर जोडणार काय, कपाळ? म्हणून आजपासून मास्क हनुवटीवर. दार लावून घेतलेलं, खोलीत मी एकटा. माझ्यापासून मला काय लागणार आहे?

मास्क खाली आला आणि काम एकदम माझ्या ओळखीचं झालं. अगदी दुकानातल्यासारखं. वस्तू डोळ्याजवळ धरायची, धूळ उडवायची, नेमकी बसवायची. झाकण बसतानाचा तो बारीक 'टक्' ऐकला की आपण अजून कामाचे आहोत असं वाटतं.

बायको बाहेरच थांबते. "मदतीला येऊ का?" असं दारातून विचारते. मी म्हणतो, गर्दी नको. एका माणसाची गर्दी होते हे मला आजच कळलं.

२ मार्च

लिहिण्यासारखं काही घडत नाही, म्हणजे सगळं सुरळीत चाललं आहे. बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि पाण्यातून अक्षरं वाचून बघायची, असं सिस्टरनी शिकवलं आहे. अक्षरं लागली तर पोट ठीक. गेला महिनाभर मी पोटातून बातम्या वाचतो आहे. बातम्यांची चव जशी होती तशीच आहे.

ड्रायव्हर दुकानात येऊन गेले. त्यांचंही बरं चाललं आहे. गप्पांत कळलं, की ते मास्क लावतात आणि वर बायकोलाही लावायला लावतात. त्यांची बायको समोर बसून भिंतीवरचे नियम मोठ्यानं वाचते, मग दोघं गप्प होतात आणि हे जोडतात.

मी म्हटलं, "अहो, स्वतःच्या घरात कसला मास्क? कोण बघायला येतंय?"

ते म्हणाले, "रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी मी लाल दिव्याला थांबायचो. मागचे प्रवासी शिव्या घालायचे. सवय आहे हो."

ते गेल्यावर मी बायकोजवळ त्यांची नक्कल केली. ती हसली नाही. तिला विनोद जरा उशिरा कळतो.

१९ मार्च

सकाळी पोटात कळ. गॅसेस असतील म्हणून दुर्लक्ष केलं. दुपारची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली तर मथळासुद्धा दिसेना. पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ. पेपर कालचा होता, आजचा आणून बघितला. जणू शाईचा दोष.

हॉस्पिटलात भरती. पिशवीतूनच औषध पोटात सोडत आहेत. हे पडल्या पडल्या लिहितो आहे, अक्षर वाकडं येतंय. दुखणं असं आहे की विनोद सुचत नाहीत, आणि ते माझ्यासाठी तापापेक्षा वाईट.

डॉक्टरांनी विचारलं, कुठे चूक झाली असेल? मी म्हटलं, माझ्याकडून शक्य नाही. त्या खोलीला पडदा आहे, जाड कापडाचा. धूळ धरत असणार. आणि परवा मी खोलीत जायच्या आधी हिनं पंखा लावला होता. बायको म्हणाली, "हो, लावला होता. फरशी ओली होती म्हणून." मग खाली बघून म्हणाली, "खोली मीच झाडते. माझंच काहीतरी राहिलं असेल."

प्रामाणिक बाई आहे. स्वतःचं चुकलं तर कबूल करते. हा गुण सगळ्यांत नसतो.

२७ मार्च

घरी. अंगात ताकद नाही, पण दिमाख शाबूत आहे. पडदा काढून टाकला. पंख्याची पाती बायकोनं उतरवून माळ्यावर ठेवली.

तपासणीचा रिपोर्ट आला. पोटात सापडलेले जंतू साधारणपणे माणसाच्या तोंडात राहणारे आहेत म्हणे. सिस्टरनी विचारलं, "काका, जोडताना बोलता का?" मी म्हटलं, खोलीत मी एकटा, भिंतीशी बोलू? त्या विचारात पडल्या.

मी नाही पडलो. मला घरी येता येता रिक्षातच उलगडा झाला. मी बोलत नाही, पण ही बोलते. दाराबाहेरून. "झालं का?" "पाणी नीट येतंय ना?" "दुखत नाही ना?" आणि दाराखाली बोटभर फट आहे! जंतूला आणखी काय हवं? गुन्हेगाराचा माग लागल्याचा आनंद झाला.

घरी गेल्याबरोबर फटीला जुना टॉवेल लावला आणि बायकोला सांगितलं, मी आत असेपर्यंत घरात अवाक्षर नको. तिनं मान हलवली. बघा, लगेच अंमलबजावणी.

१४ एप्रिल

घरात इतकी शांतता आहे की मला माझी गिळण्याची क्रिया ऐकू येते. मुलीचा फोन आला तरी ही वाजू देते आणि मी बाहेर आलो की उलटा फोन लावते. मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, हल्ली वापर कमी आहे.

पोट एकदम ठीक. माझा सिद्धांत बरोबर ठरतो आहे. ड्रायव्हरना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "दाराच्या फटीतून? बंद दाराच्या?" मी म्हटलं, विज्ञान आहे. ते म्हणाले, "तुम्ही तोंडाला काही बांधता ना पण?" मी विषय बदलला.

ड्रायव्हर मूळचे चांगले गृहस्थ, पण एकदा गाडी एका रस्त्याला लागली की वळवत नाहीत.

१६ मे

परत तेच. परत गढूळ, परत कळा, परत तीच कॉट. नर्सबाई म्हणाल्या, "या काका," जसं लॉजवाले जुन्या गिऱ्हाइकाला म्हणतात.

आता खरं लिहितो. काल पिशवी किंचित धुरकट वाटली होती. मी ती पेपरवर ठेवलीच नाही. दिवा न लावता तशीच संडासात ओतली आणि बायकोला म्हटलं, झकास. डॉक्टरांचं ते फाईल मिटतानाचं वाक्य आठवत होतं. माणूस एवढा मूर्ख असू शकतो, हे मला लोकांच्या घड्याळांवरून माहीत होतं. पाण्यात पडलेलं घड्याळ आठ दिवस खिशात ठेवून मग आणतात. मी त्यांना किती बोललो आहे.

२० मे

डॉक्टर स्पष्ट बोलले. पुन्हा झालं तर नळी निघणार. या वेळी उशीर केलात, वाचलात हे नशीब समजा.

सिस्टरनी पलंगावर बसवून माझ्याकडून पिशवी बदलून घेतली. समोर त्या, बाजूला दोन शिकाऊ. मी मास्क नीट लावला, हात धुतले, जोडलं. चष्म्यावर धुकं आलं, पण मी अंदाजानं बसवलं. टक्. शिकाऊंनी माना डोलावल्या. सिस्टर म्हणाल्या, "कुठेच चूक नाही. घरी अस्संच करता?"

"अस्संच."

मास्कचं बोललो नाही. एवढ्या माणसांत मास्क हवाच, घरी एकट्याला कशाला, हे त्यांना समजावत बसणार कोण?

बायको डॉक्टरांच्या खोलीत एकटीच बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, "पथ्य सांगितलं." पथ्याला रडण्यासारखं काय आहे? माझं मीठ तर कधीच बंद झालं आहे.

८ जून

ड्रायव्हर गेले.

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन. झोपेतच. हृदय. नळीचा काही संबंध नाही, इन्फेक्शन त्यांना एकदाही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात हृदयावर ताण येतो, पुष्कळदा असंच होतं.

आम्ही दोघं जाऊन आलो. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवर तेच नियम, त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केलेले. ती मला म्हणाली, "भावजी, एकसुद्धा नियम मोडला नाही हो त्यांनी." मी म्हटलं, "माहिती आहे वहिनी." खोलीत खोकी होती, पुढच्या महिन्याची.

माझी बायको वहिनींजवळ जाऊन बसली आणि त्यांच्याकडे एकटक बघत राहिली.

ज्या माणसाची मी नक्कल करून हसलो तो सगळं नीट करून गेला, आणि मी दोनदा घाण करून जिवंत आहे. मला भीती वाटते. पहिल्या दिवशी लिहिलं होतं की फार लिहावं लागणार नाही. ते चूक होतं. मला जायचं नाही. दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ उघडं पडलं आहे, मुलीकडे जायचं राहिलं आहे, आणि हिला एकटीला या घरात बसलेलं मला बघवत नाही. म्हणजे मी बघायला नसेनच, पण तरी.

९ जून

टोपण काढायला गेलो तर बोटं ऐकेनात. आजवर माझ्यावर ही वेळ आली नव्हती. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, आत ये. पिशवी धर.

ती हात धुऊन, मास्क लावून आली. मी तिला दोन हात लांब उभी केली. मास्क हनुवटीवर घेतला, चष्मा सारखा केला, टोपण काढलं, नळीचं तोंड डोळ्याजवळ आणलं, जोडलं. टक्.

"अहो! हे काय केलंत?"

"बोलू नकोस म्हणून सांगितलंय ना?"

"फुंकलंत तुम्ही."

"काय?"

"नळीवर. फू केलंत."

मी म्हटलं, तुझा भ्रम आहे. भिंतीवर एवढे नियम लावलेले असताना मी फुंकर मारीन? मी मूर्ख आहे का? या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही. पाण्याची कळ तशीच बंद ठेवायला लावली, कपाटातून शिकवणीच्या वेळची सरावाची नळी काढली आणि माझ्यासमोर धरली. "हे जोडून दाखवा."

दाखवलं.

"परत फुंकलंत."

"नाही."

"परत जोडा." या वेळी नळीच्या तोंडापाशी तिनं तळहात धरला. मी पुरता सावध होतो. ओठ मिटून ठेवायचे असं मनाशी घोकत होतो. टोपण काढलं, डोळ्याजवळ आणलं. तिनं तळहात माझ्यापुढे केला. तिच्या तळहाताला वारा लागला होता, आणि तो माझ्या ओठांनाही जाणवला. जन्मभर प्रत्येक घड्याळ मिटताना मी फुंकर मारली आहे. ती मारताना मला कळतसुद्धा नाही. हॉस्पिटलात तोंडावर मास्क होता, म्हणून ती मास्कातच जिरत होती.

पडदा काढला, पंखा उतरवला, फटीला टॉवेल लावला. आणि जंतू माझ्या तोंडातून, माझ्या सुप्रसिद्ध हातांच्या मदतीनं, दिवसातून चारदा आत जात होते.

मी मटकन खुर्चीत बसलो. ती म्हणाली, "बसू नका. असं झालं तर पाणी आत न सोडता हॉस्पिटलात यायचं, असं सिस्टरनी शिकवलंय. चला." हे शिकवलं तेव्हा मी बहुतेक माझं कौतुक ऐकत होतो.

९ जून, संध्याकाळी

नळीचा बाहेरचा तुकडा बदलला, औषध दिलं. वेळेवर आलात, म्हणाले. मी सिस्टरना सगळं सांगितलं, मास्कसकट. त्या खूप चिडतील असं वाटलं होतं. त्या आधी हसल्या, मग खुर्चीवर बसल्या आणि मग चिडल्या.

"काका, मागच्या वेळी डॉक्टर तुम्हाला मशीनवरच टाकणार होते. काकूंनी गयावया केली. म्हणाल्या, यांचे हात चांगले आहेत, चूक माझी आहे, खोली मी नीट ठेवत नाही, मला एक संधी द्या. डॉक्टरांनी त्यांच्या शब्दावर नळी ठेवली."

बायको औषधं आणायला खाली गेली होती. मी सिस्टरना म्हटलं, बघा, माझ्यासाठी खोटं बोलली. मला एकदम तिचा अभिमान वाटला. वाटलं, किती हुशार आहे, डॉक्टरांना कसं गुंडाळलं.

१० जून

सकाळी ती भाजी निवडत होती. मी शेजारी जाऊन बसलो. काल वाटलेला अभिमान तिला सांगावा म्हणून म्हटलं, "डॉक्टरांना बरी थाप मारलीस."

"कसली थाप?"

"चूक तुझी म्हणून सांगितलंस ती."

तिनं वर बघितलं नाही. "थाप कुठे? मला तेच वाटत होतं. तुम्हीच म्हणत होता ना. पडदा मी लावलेला, पंखा मी लावलेला, तोंडही माझंच." तिनं एक पिवळं पान खुडलं. "दोन्ही वेळा तुम्ही त्या कॉटवर कण्हत होता तेव्हा मी मनात म्हणायचे, मीच आणून टाकलं यांना इथे. परवा ड्रायव्हरच्या बायकोकडे बघताना वाटलं, हिनं नवऱ्याला किती नीट सांभाळलं, आपल्याला तेवढंही जमेना."

मी म्हटलं, अगं पण बंद दारातून कधी...

"मला काय माहीत? तुम्ही विज्ञान म्हणालात." तिनं देठ बाजूला टाकले. "तुम्ही आत गेलात की मी बाहेर श्वास धरून उभी राहायचे. जेवढा वेळ जमेल तेवढा. मग लांब स्वयंपाकघरात जाऊन घ्यायचे, परत यायचे."

दिवसातून चार वेळा. मी तिच्या हातातली जुडी घेतली, तिचा हात धरला. तो ओला होता. मी रडलो, चष्म्यावर परत धुकं आलं.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"हो, ते कळलं काल." तिनं हात सोडवून घेतला आणि उठली. "हात धुवा, वेळ झाली. आणि आता मी जोडणार. तुम्ही मास्क लावून नुसतं गप्प बसायचं."